हत्ती सापडला की बंद

ज्याला सगळी गल्ली हत्ती म्हणते, तो माणूस दाराआड उभा राहिला तर दिसणारही नाही इतका बारीक आहे. दुकानातला पंखा जोरात फिरायला लागला की तो खिशात पाना ठेवतो, उडून जाऊ नये म्हणून, असं समोरचा चष्मेवाला सांगतो. चष्मेवाल्याचं निम्मं खोटं असतं, पण उरलेलं निम्मं कुठलं ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. हत्ती हे नाव कसं पडलं, हे मात्र विचारायची गरजच पडत नाही. कीबोर्ड घ्यायला या नाहीतर नुसता पत्ता विचारायला या, हत्ती स्वतःहून सांगतो. बसवून सांगतो. आणि तुम्ही उठायला लागलात की बाहीला धरून सांगतो.

दुकान कॉम्प्युटरचं. पुढे काउंटर, तिथे बायको. माउस, वायरी, प्रिंटरची शाई, सगळं तिच्या हाताखाली, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावरून त्याला काय हवंय हे त्याच्याआधी तिला कळतं. मागे पडद्याआड लांब टेबल, त्यावर पोट उघडून पडलेली मशीनं, आणि त्यांत नाक खुपसून बसलेला हत्ती.

अशी दुकानं काय कमी आहेत? पण बुद्धिबळवाले दुरूनदुरून इथेच येतात. बुद्धिबळाचा प्रोग्राम कुठल्या मशीनवर किती खोल विचार करतो, हे हत्तीइतकं चिकाटीने कुणी तपासत नाही. बाकीचे दुकानदार तयार चाचणी चालवतात आणि आकड्यांचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात कोंबतात. हत्तीही तो कागद देतो. सेकंदाला किती चाली तपासल्या, मशीन किती तापलं, पंखा किती बोंबलला, सगळं त्यात असतं. पण त्याचा स्वतःचा त्या कागदावर काडीचा विश्वास नाही. त्याची परीक्षा एकच. पडद्यावरच्या पटावर एक ठरलेली मांडणी लावायची, प्रोग्रामला म्हणायचं, कर विचार, आणि हातातलं जुनं स्टॉपवॉच दाबायचं. प्रोग्राम आधी इकडचं तिकडचं सुचवतो. वजीर सरकवा, प्यादं ढकला. मग कधीतरी ती ओळ पुसली जाते आणि पडद्यावर येतं, हत्ती द्या. फुकट द्या, राजासमोरच्या प्याद्यावर घाला आणि मारू दे त्याला.

त्या क्षणी स्टॉपवॉच बंद, प्रोग्राम बंद, मशीन पास. जितका लवकर हत्ती, तितकं मशीन भारी.

"कारण हा हत्ती मी दिला होता," हे म्हणताना तो चष्मा कपाळावर चढवतो. "कुठल्याही मशीनला न विचारता. आणि समोर कोण होतं? घड्याळजी!"

काउंटरवरून आवाज येतो, "अहो, त्या बाईंना फक्त पेन ड्राइव्ह हवाय."

घड्याळजी म्हणजे बायकोचे वडील. गावातली सगळी घड्याळं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायची आणि बुद्धिबळात सगळं गाव त्यांच्याकडून हरायचं. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाच्या पोटात बघायचे आणि त्याच डोळ्याने, भिंग न काढता, माणसाकडेही बघायचे. भल्याभल्यांना घाम फुटायचा. हत्ती तेव्हा रेडिओच्या दुकानात कुणाच्या तरी हाताखाली झाळकाम करायचा आणि क्लबात बुद्धिबळ खेळायचा. क्लबची डावाची घड्याळं दुरुस्तीला नेण्याचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. त्या वर्षी क्लबची घड्याळं इतकी बिघडली, इतकी बिघडली, की क्लबवाले घड्याळाच्या कंपनीला शिव्या घालायला लागले. बिचारी कंपनी! घड्याळजींच्या दुकानात पावत्या फाडायला त्यांची मुलगी बसते हे क्लबवाल्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी एकदा धाडस करून गडी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या घरी गेला. घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं. भिंगातून बघितलं.

"नोकरी?"

"रेडिओच्या दुकानात."

"स्वतःचं काही?"

"विचार आहे."

"विचार सगळ्यांचेच असतात. बस. आधी एक डाव होऊ दे."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात, पदराचं टोक चावत नव्हे, चक्क हाताची घडी घालून उभी. डाव लांबला. घड्याळजींनी हळूहळू याचा गळा आवळत आणला. आता काही खरं नाही असं वाटत असताना याने हत्ती उचलला आणि त्यांच्या राजासमोरच्या प्याद्यावर आदळला. शह. घड्याळजींनी राजाने हत्ती मारला. याने वजीर आणला, पुन्हा शह. आता राजाला दोनच घरं होती. एक मागचं, कोपऱ्यातलं, सुरक्षित दिसणारं. एक पुढचं, पटाच्या मधोमध निघालेलं, उघड्या मैदानातलं. घड्याळजींनी बराच वेळ विचार केला आणि राजा मागे, कोपऱ्यात नेला. तिथे घोड्याने त्याला गाठलं. मात.

घड्याळजींनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. "लग्न कधी करायचं म्हणता?" एवढंच विचारलं.

ही गोष्ट हत्तीने इतक्यांदा सांगितलीय की गल्लीतलं कुत्रंसुद्धा 'उघड्या मैदानातलं' या शब्दाला उठून दुसरीकडे जाऊन बसतं.

पुढे रेडिओ मागे पडले, हत्तीने कॉम्प्युटरचं दुकान काढलं. पहिलं मशीन खोक्यातून निघालं तेव्हा सासरेबुवा हजर होते. घड्याळं आता सेलवर चालायला लागली होती, त्यांच्या हाताला फारसं काम उरलं नव्हतं. पडद्याआड त्यांच्यासाठी उशी घातलेलं लाकडी स्टूल कायमचं मांडलं गेलं. बुद्धिबळाचा प्रोग्राम फ्लॉपीवरून आत घातला, आणि जावयाने पहिल्याच दिवशी आपल्या लग्नाचा डाव त्याला सोडवायला दिला. अगदी हत्ती देण्याच्या क्षणापासून. सासऱ्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढून दाबलं.

काय ते मशीन! मॉनिटर उचलायला दोन माणसं लागायची आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. तापलेल्या धुळीचा एक वास सुटायचा, जुन्या रेडिओच्या मागच्या बाजूला यायचा तसाच, आणि हत्ती अजूनही शपथेवर सांगतो की तो वास त्याला आवडायचा. सकाळी लावलेला प्रोग्राम दुपारपर्यंत वजीर-वजीरच करत राहिला. सासऱ्या-जावयांचा शेजारी शेजारी बसून डबा खाऊन झाला. सासऱ्यांनी स्टुलावरच एक डुलकी काढली. जावयाच्या हातात झाळकामाचं पेन, समोर कुणाचा तरी कीबोर्ड, आणि मध्ये गप्पा. घड्याळाच्या स्प्रिंगा कशा गुंडाळायच्या, कुठल्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं नाही, मुलगी लहानपणी कशी हट्टी होती, "आणि आता?" "आता तुम्हीच सांगा जावईबापू, माझी सुटका झाली." संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमाराला, पडद्यावर ओळ बदलली. हत्ती द्या.

जावई खुर्ची पाडून उठला. सासऱ्यांनी स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाले, "सापडला ना? मग बंद कर. वीज काय फुकट येते?"

हीच रीत पडली. नवं मशीन आलं की तोच डाव, तेच स्टूल, तेच स्टॉपवॉच. आणि ओळ बदलली रे बदलली की सासऱ्यांचं वाक्य ठरलेलं, "सापडला ना? बंद कर." कधी जावई म्हणायचा, चालू दे की जरा, बघू पुढे काय म्हणतंय. तर ते थेट बटणाकडे हात न्यायचे. "काम झालं की मशीन तापवू नये. घड्याळालाही विश्रांती लागते." घड्याळ कधी विश्रांती घेतं असं त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती.

मशीनं जलद होत गेली. दिवसभराचं काम डबा खाण्याच्या वेळात व्हायला लागलं, मग चहाच्या एका कपात. हत्ती खूश होता, मशीनं विकली जात होती. त्याच्या लक्षात आलं नाही ते एवढंच की मशीनं जलद होत होती तशा बैठका आखूड होत होत्या. पुढेपुढे सासरे काठी टेकत यायचे, स्टुलावर बसून श्वास शांत होतोय तोवर हत्ती सापडलेला असायचा. "झालं?" "झालं बाबा." मग ते थोडे उगाच बसायचे, आणि उठायचे. शेवटच्या दुखण्यात त्यांनी स्टॉपवॉच जावयाच्या हातात ठेवलं. "सापडला की बंद करत जा," म्हणाले. स्टूल आजही तिथेच आहे. त्यावर कुणी स्क्रू ड्रायव्हर ठेवला तरी हत्ती खेकसतो.

आता झालं असं, की बुद्धिबळ क्लबच्या सरांनी एक नवं मशीन सांगितलं. मुलांचे डाव तपासायला, चांगल्यातलं चांगलं. हत्तीने जोडलं. पंख्याचा आवाज नाही, आत रंगीत दिवे, प्रोसेसर एवढा तालेवार की पूर्वीची सगळी मशीनं एकत्र बांधली तरी त्याच्या पासंगाला पुरणार नाहीत. शनिवारी त्याने नेहमीची मांडणी लावली, एका हाताने प्रोग्राम सुरू केला, दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच.

हत्ती द्या, असं आलं. आणि अंगठा खाली जायच्या आत ओळ पुन्हा बदलली. प्यादं ढकला.

हत्तीला वाटलं डोळा लवला. त्याने पुन्हा लावलं. हत्ती क्षणभर आला आणि गेला. दार उघडून चुकीच्या घरात आल्यावर पाहुणा जसा 'माफ करा' म्हणून मागे फिरतो, अगदी तसा. आणि शेजारचा आकडा सांगत होता की हत्ती दिला तर हा डाव नुसता जात नाही, पार जातो.

सज्जन माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. हत्तीने आधी मशीनवर घेतला. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. प्रोसेसरवरची पेस्ट खरवडून नवी लावली. रंगीत दिवेसुद्धा काढले, न जाणो त्यांचाच काही चावटपणा असेल. मशीन निर्मळ होतं. हत्ती येत होता आणि जात होता.

जेवायला बसला तर घास तोंडात फिरायला लागला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कुठे काय? मशीन जरा... गरम होतंय."

"मशीन की तुम्ही?"

त्याने पाणी पिऊन वेळ मारून नेली. सांगणार काय? हिच्या वडिलांना हरवून हिला जिंकलं, ही त्याच्या आयुष्यातली एकच मर्दुमकी. बाकी सगळं आयुष्य झाळकाम. आणि ती मर्दुमकी खोटी निघाली तर ही रोज सकाळी चहा देताना काय म्हणून बघेल याच्याकडे?

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद, बायको बहिणीकडे गेलेली. हत्तीला अजून एक आशा होती. नवं मशीन फाजील हुशार असेल, जुनं खरं बोलेल. काउंटरवरचा बायकोचा कॉम्प्युटर चांगला वयस्क होता. त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, त्या कॉम्प्युटरवर डाव लावला, आणि शेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळाने हत्ती सापडला. सवयीने बोट बटणाकडे गेलं, कानात आवाजही आला. सापडला ना, बंद कर. पण आज त्याने बोट मागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मशीनला पुढे विचार करू दिला.

दुपार सरली. रस्त्यावर पोरांचा चेंडू शटरवर आदळून गेला. संध्याकाळी उन्हं काउंटरवर आली तेव्हा त्या म्हाताऱ्या मशीननेही हत्ती सोडला. प्यादं ढकला.

मग हत्तीने दात आवळून पडद्यावर स्वतःच हत्ती दिला आणि म्हणाला, बघू, काय करतोस? राजाने हत्ती मारला. याने वजिराने शह दिला. आणि मशीनने राजा मागे कोपऱ्यात न नेता पुढे काढला. उघड्या मैदानात. याने शह दिला, राजा आणखी एक घर पुढे. पुन्हा शह, पुन्हा एक घर. बाजारात फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखा तो राजा पटाच्या मध्यावर येऊन निवांत उभा राहिला, आणि हत्तीकडे शह द्यायला काही उरलं नाही.

तेवढ्यात शटर खडखडलं. बायको वाकून आत आली, हातात बहिणीने दिलेली पिशवी. "दिवे का नाही लावलेत? आणि माझ्या कॉम्प्युटरवर काय..." तिने पडद्याकडे बघितलं. हत्तीने कीबोर्डवर आडवा हात टाकला, पण पडदा झाकायला खऱ्या हत्तीची पाठ लागली असती.

ती जवळ आली. बघतच राहिली. मग हसली.

"अय्या, बाबांचा राजा! निघाला का एकदाचा फिरायला?"

हत्तीने हात कीबोर्डवरून काढला. "तुला... हे कुठून..."

"तुम्ही गेल्यावर बाबांनी पट परत मांडून दाखवला की मला. हे बघ, म्हणाले, राजा असा चालत निघाला असता, तर तुझा तो रेडिओवाला आज रडत घरी गेला असता."

"मग राजा तसा नेला का नाही? कोपऱ्यात का नेला?"

"विचारलं मी. म्हणाले, हा हरला तर ईर्ष्येला पेटून रोज इथे डाव खेळायला येईल. माझं डोकं खाईल, आणि तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. त्यापेक्षा जिंकू दे आणि तुला घेऊन जाऊ दे."

हत्ती पडद्याच्या फटीतून मागच्या स्टुलाकडे बघत होता. "म्हणजे मुद्दाम हरले?"

"आता ते मी कशी सांगू?" तिने पिशवी काउंटरवर ठेवली. "हरल्यावर सगळेच म्हणतात मुद्दाम हरलो. कदाचित चाल नंतर सुचली असेल. बाबा काही कमी गोड बोलणारे नव्हते. पण एक सांगते. हरले मुद्दाम की नाही, देव जाणे. त्यानंतर गप्प बसले ते मात्र मुद्दाम. मलाही बजावलं होतं, त्याला बोलू नकोस, खुळा होईल."

वीज काय फुकट येते? काम झालं की मशीन तापवू नये. सापडला की बंद करत जा. एकेक वाक्य हत्तीला आता नव्याने ऐकू यायला लागलं. काठी टेकत, दम लागत असताना तो म्हातारा प्रत्येक नव्या मशीनच्या उद्घाटनाला का येत होता? पुढची चाल जावयाला दिसायच्या आत बटणावर हात ठेवायला. राखणदारी करत होता बाबा, जावयाच्या एका फुकटच्या विजयाची. अखेरच्या दिवसापर्यंत.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, पण या वेळी डोळे पुसायला.

"आणि तू? इतकी वर्षं मी सगळ्या जगाला सांगत होतो, तू काउंटरवर ऐकत होतीस..."

"ऐकत कुठे होते? पहिल्या वर्षानंतर ऐकणंच सोडलं."

"अगं पण मग तू हो का म्हणालीस? मी जिंकलो म्हणून ना?"

"काय पण! अहो, मी हो म्हणाले ते डाव संपल्यावर. तुम्ही उठण्याआधी सगळ्या सोंगट्या गोळा करून डब्यात भरल्यात. पांढऱ्या एकीकडे, काळ्या एकीकडे, पट पुसून, दुमडून. बाबांनी जन्मात कधी डबा भरला नाही, मीच भरत आले. म्हटलं, हा माणूस पसारा आवरतो. चालेल."

हत्तीने कीबोर्ड जागच्या जागी सरकवला. मग म्हणाला, "घोडा जरा तुटका होता त्यातला."

"हो. त्याला कागदात गुंडाळलात. तेही बघितलं मी."

सोमवारी सर मशीन न्यायला आले. चष्मेवाला त्याच्या दुकानाच्या पायरीवरून, कान लांब करून, आपलं काही नाही अशा चेहऱ्याने लेन्सा पुसत होता. सरांनी आकड्यांचा कागद वाचला आणि हसून विचारलं, "आणि हत्तीशेठ, तुमची खास परीक्षा? किती वेळात सापडला हत्ती?"

"सापडला लगेच," हत्ती म्हणाला. "पण मशीन चांगलं म्हणून सांगतो ते त्यासाठी नाही. याने तो लगेच सोडला म्हणून. सर, माझा हत्ती चुकीचा होता."

चष्मेवाल्याच्या हातातली लेन्स पायरीवर पडली. फुटली नाही, पण पडली, हे पाहणारे आहेत.

"काय रे हत्ती," तो रस्ता ओलांडून आलाच, "मग आता आम्ही तुला काय म्हणायचं?"

"हत्तीच म्हणा की, भाऊजी," काउंटरवरून आवाज आला. "देणारा देऊन बसला, आता परत कुठे घेता?"

सर खुर्ची ओढून बसले. त्यांना काही तो किस्सा नवा नव्हता, पण या वेळचा शेवट नवा होता, आणि हत्तीने तो पहिल्यासारखाच बसवून, बाहीला धरून सांगितला. पूर्वी कोपऱ्यातल्या राजापर्यंत येऊन थांबायचा, तो आता मैदानात चालत निघालेल्या राजापर्यंत सांगतो. कुत्र्याने मात्र अजून जागा बदलण्याची सवय सोडलेली नाही.

दुकानातली परीक्षा आता लांबली आहे. हत्ती सापडला की स्टॉपवॉच बंद होत नाही. मशीन हत्ती सोडून देईपर्यंत ते चालू राहतं, आणि त्यानंतर तो स्वतः पडद्यावर चाल करून राजाला उघड्यावर काढतो. एकेक घर, सावकाश, मशीनला घाई असली तरी. मधल्या वेळात चहा येतो. कधी तो स्टुलाकडे तोंड करून बसलेला असतो. मागून बायको म्हणते, "अहो, सापडला ना? बंद करा आता, वीज जळतेय."

"थांब गं," तो म्हणतो. "बाबांचा राजा अजून चालतोय."